डॉक्टर हसले नव्हते

तू गेलीस त्याला आज एकवीस दिवस झाले. तेराव्याचं जेवण बरं झालं. तुझा भाऊ जतहून आला, रडला, पाच लाडू खाल्ले आणि बुंदी कच्ची राहिली म्हणाला. तुझ्या माहेरची माणसं रडतानासुद्धा खोट काढतात. बाकी लोकांनी तुझं लय चांगलं सांगितलं. कुणी म्हणालं माऊली होती, कुणी म्हणालं उभ्या जन्मात वाकडा शब्द नाही. चारचौघांत लोकांना खोटं कशाला पाडायचं? वाकडे शब्द सगळे मलाच दिलेस, गावाला वाटायला उरलेच नसतील.

मला तुझं चांगलं सांगत बसायचं नाही. आपलं भांडण अर्धं राहिलंय, ते पुरं करायचंय. आपल्या नातीला, अंजीला, दमा कशानं लागला ह्यावर आपण दोन वर्षं बोलून भांडलो आणि एक वर्ष न बोलता भांडलो. तू म्हणायचीस माझ्या औषधानं. मी म्हणायचो तुझ्या घोंगड्यानं. सूनबाई भाकरी थापत थापत म्हणायची, दोघांचंबी खरं, आता जेवा. आणि तू मधेच उठून गेलीस. तीन दिवसांचा ताप काय, आणि जाणं काय. तिसऱ्या दिवशी डोळे उघडलेस, माझ्याकडं बघितलंस. मला वाटलं, काही तरी सांगायचंय. तू म्हणालीस, "पोरीला पांघरूण घाला." मी मनात म्हटलं, जाता जाता पण ही घोंगड्याचीच बाजू घेतेय.

सुरुवात माझी होती, कबूल. अंजी तवा चार वर्षांची. पोट नगाऱ्यासारखं, हातपाय काड्या. नाक खाजवायची, झोपेत करकरा दात खायची, भिंतीची माती चाटायची. लेक आपला पलटणीबरोबर बर्माकडं गेलेला, अजून आलेला नाही, त्याच्या माघारी पोरीची जोखीम माझ्यावर. मी पण पलटणीतला माणूस. पहिल्या लढाईत बसऱ्याला असताना डॉक्टरसाहेब अख्ख्या कंपनीला ओळीत उभं करून जंताचं औषध पाजायचा. पेट साफ तो सिपाही साफ, म्हणायचा. तवापासून माझं मत असं झालं की जगातल्या निम्म्या रोगांचं मूळ जंत, आणि निम्म्यांचं बायकोचा स्वयंपाक. दुसरं मत तुझ्यासमोर कधी बोललो नव्हतो. आता बोलून घेतो.

तुझं म्हणणं वेगळंच. गाईला गोचीड आणि पोराला जंत, थोडे असायचेच. लय माजले तर दुधात वावडिंग उकळून द्यायचं, न्हाई तर नांदू द्यायचं. तुमच्या पोटात नव्हते का, मग तुमी मेला का, असं मलाच विचारायचीस.

मी ऐकतो होय? तालुक्याच्या दवाखान्यात गेलो. आळीतल्या बायकांपुढं आधीच बढाई मारून बसलो होतो, म्हणून अंजीबरोबर आणखी सहा पोरांच्या पुड्या आणल्या. कंपाउंडरनं सगळं नीट सांगितलं. सकाळी गुळातून पूड, दुपारी एरंडेल. आणि आणखी एक गोष्ट सांगितली. ती एक गोष्ट गावाच्या वेशीला येईतोवर मी विसरलो. ती अशी होती, की ह्या पुडीनं पोरांना एक दिवस सगळं पिवळं दिसतं, घाबरू नका.

मारुतीच्या देवळापुढं सात पोरं ओळीत उभी केली. अटेन्शन म्हणालो, तोंडं उघडायला लावली, पूड टाकली. दुपार व्हायच्या आत पहिलं पोरगं ओरडत आलं, आमचा पांढरा बैल पिवळा झाला. दुसऱ्याची आई पिवळी. अंजी माझ्यापुढं येऊन उभी राहिली, टक लावून बघितलं आणि म्हणाली, "आज्जा, तुमच्या मिशांस्नी हळद कुणी लावली?"

मग बाया जमल्या. एकीनं सांगितलं ही कावीळ, सातही पोरांना शेजारच्या गावच्या कावीळ उतरवणाऱ्याकडं न्या. निघाल्या पण असत्या. पण तू पडलीस जतकडची, तुझा देव बिरोबा. तू सगळ्यांना थांबवलंस आणि छातीवर हात ठेवून सांगितलंस की पोरांस्नी देवाचा पिवळा भंडारा दिसायला लागलाय. झालं. पोरं देवळाच्या कट्ट्यावर बसवली, कपाळं भरली, नारळ फोडला. बाया पाया पडायला लागल्या. पोरांनी नारळ खाल्ला, गूळ मागितला, गूळ खाल्ला. एकानं तर आईला सांगितलं की देवाला दूध पायजे. कंपाउंडरचं बोलणं मला तवा आठवलं, खरं सांगायला पाहिजे होतं. पण एरंडेल द्यायची वेळ झाली होती, आणि देव झालेली पोरं मुकाट्यानं एरंडेल पितात हे मला दिसलं. मी ओळीनं सातांना एरंडेल पाजलं. मग जे व्हायचं ते झालं. पाया पडणाऱ्या बाया खाली वाकलेल्या असतानाच सातही देव एकदम उठले आणि ओढ्याकडं पळाले.

जंत मोजायला काडी घेऊन तूच गेलीस. अंजीचे सतरा. हा आकडा मी चावडीवर सांगितला. चार दिवस गावात माझा रुबाब होता. पोरीचं पोट बसलं, गालावर तकाकी आली. मी तुला बोलावून बोलावून दाखवायचो. तू चुलीपुढून मान वर न करता म्हणालीस, "पाव्हणे तर हाकलले. आता रिकाम्या घरात कोण येतंय ते बघा."

आलं. थंडीत आलं. आधी छातीत मांजर बसल्यासारखी घुरघुर, मग बासरी. श्वास घेताना पोरीच्या गळ्याखाली खड्डा पडायचा, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. ओठ निळे. आडवं झोपवलं की जीव घाबरा व्हायचा, म्हणून आपण आळीपाळीनं तिला खांद्यावर बसतं धरायचो. तुझा खांदा आखडला की माझा. त्या वेळी आपण कधी भांडलो नाही, हे खरं. दोघं तिचा श्वास ऐकत बसायचो. तो बाहेर गेला की परत आत येतोय का, तेवढंच बघायचो. भांडायचो ते छाती मोकळी झाल्यावर, पोरगी भाकरी खायला लागल्यावर. तेवढी शिस्त होती.

तू काय काय बोलायचीस. जंत होते तवा पोरगी नुसती हावरट होती, जंत गेले आन दमा आला, हे तर रोजचं. पण एवढ्यावर थांबायची नाहीस. सांगलीच्या वकिलाच्या घरी तू पापड लाटायला जायचीस, तिथलं बघून यायचीस. "त्यांची पोरं बघा. पायात बूट, नखं कापल्याली, पोटात एक जंत न्हाई. आन तिघांतल्या दोघांच्या छातीत बासरी. आपल्या आळीतली शेंबडी बघा, पोटं फुगल्याली, पण धाप लागल्यालं एक दाखवा." मी म्हणायचो, वकिलाच्या घरचे जंत तू कधी मोजलेस? तू म्हणायचीस, मोलकरणीला इचारलं. तुझी साक्षीदार मोलकरीण, आणि केस वकिलाच्या घरातली. मी हसायचो.

मला दोष दिसत होता तो घोंगड्यात. तुझ्या माहेरचं, जतच्या धनगरानं विणलेलं, काळं, जाड. लग्नात तू ते डोक्यावर घेऊन आलीस आणि तीस वर्षं त्याला पाणी लागू दिलं नाहीस. धुतलं की घोंगडं मरतं म्हणायचीस. झटकलं की उन्हात त्याची धूळ सोन्यासारखी उडायची. अंजी त्याच्यातच झोपायची, तुझ्या कुशीत. धाप लागली की तू तिला आणखी गुंडाळायचीस, आणि गुंडाळलं की धाप आणखी. मी सांगून थकलो की ह्यात अजून अर्धा कळप राहतोय. तू म्हणायचीस, माझ्या माहेरचं नाव काढायचं काम न्हाई. अंजी आठ दिवस तिच्या मावशीकडं राहून आली, एकदा सुद्धा शिंकली नाही. मी म्हटलं, बघ, तिथं घोंगडं नव्हतं. तू म्हणालीस, "आवं, तिथं तुमीबी नव्हता."

शेवटी सूनबाईनंच तोडगा काढला. आठ दिवस घोंगडं बंद. पोरगी वाकळेवर झोपेल. आठ दिवसांत धाप लागली तर घोंगडं निर्दोष, मग मी त्याबद्दल तोंड उघडायचं नाही. तू लगेच कबूल झालीस. मला तवाच शंका यायला पाहिजे होती, तू लगेच कधी काय कबूल केलंस? घोंगडं मी स्वतः घडी करून माझ्या उशाखाली घेतलं आणि रात्रंदिवस पहारा दिला. पलटणीत खजिन्यावर दिला नव्हता असा. चौथ्या दिवशी पोरगी उठून बसली, छातीत बासरी. तू नुसता हात पुढं केलास आणि घोंगडं परत घेतलंस. एका कोपऱ्याला ते तोकडं दिसलं. तू म्हणालीस उंदरांनी खाल्लं. मी हरलेला माणूस, कोपरे कुठं बघत बसू?

मग मी अंजीला गाडीत घालून सांगलीला नेलं, विश्रामबागेच्या वाटेवरच्या त्या डॉक्टरांकडं. निघताना तू जू धरून उभी राहिलीस. डॉक्टरला एक इचारा म्हणालीस, जंत गेल्यावर दमा येतो का. कसं इचारणार, म्हणून दाखवा. मी म्हणून दाखवलं. परत म्हणायला लावलंस. परत म्हटलं. बैलांना सुद्धा पाठ झालं असेल.

डॉक्टरांनी छाती ऐकली, गोळ्या दिल्या, अडुळसा चालू ठेवा म्हणाले. कुणाला कशानं होतं सांगता येत नाही, लक्ष ठेवा म्हणाले. संध्याकाळी घरी आलो. तू पाय धुवायला पाणी दिलंस.

"इचारलं?"

"इचारलं."

"काय म्हणाले?"

"हसले."

तू तांब्या उचललास आणि आत गेलीस. त्यानंतर तू जंताचं नाव कधी काढलं नाहीस. एक वर्ष. मला वाटलं, जिंकलो. घरात शांतता झाली की पुरुषाला जिंकल्यासारखं वाटतं.

तू गेलीस तेव्हा रिवाजाप्रमाणं तुझं अंथरूण-पांघरूण तुझ्याबरोबर घराबाहेर गेलं. घोंगडं उचलायला मी पहिला होतो. देव मला माफ करो, पण तुला उचलायच्या आधी मी ते उचललं. मनात म्हटलं, बायको गेली, निदान पोरीची छाती तरी मोकळी होईल. कुठलं काय. सुतकाच्या तेरा दिवसांत अंजीला तीनदा धाप लागली. घोंगडं घरात नाही आणि बासरी चालू. आलेली माणसं म्हणाली, पोरीचा आजीत जीव होता, त्याचं आहे. मी कोपऱ्यात बसून तुझी माफी मागितली. म्हटलं, तुझंच खरं होतं गं, घोंगड्याला मी उगाच नावं ठेवली.

ती माफी आता परत घेतोय.

सुतक फिटल्यावर सूनबाईनं घरातली सगळी अंथरुणं नदीवर नेली. दुपारी परत आली ती अंजीची वाकळ घेऊन माझ्यापुढं उभी राहिली. पदर तोंडाला लावलेला. म्हणाली, मामंजी, ही पिळायला दोघी लागलो, आन वास बघा. मी वास बघितला. ओली मेंढी. अगदी पावसात भिजलेली, जतच्या बाजूची ओली मेंढी. तिनं दातांनी टाका तोडला आणि वाकळ उसवली. वर तुझं जुनं लुगडं, खाली माझं फाटकं धोतर, आणि दोघांच्या मधे, पोरीची पाठ येते तिथं, घोंगड्याचा हातभर तुकडा. चारी बाजूंनी बारीक टाके घातलेला.

म्हणजे मी चार दिवस माझ्या उशाखालच्या घोंगड्यावर पहारा देत होतो आणि खरं घोंगडं पोरीच्या पाठीखाली होतं. उंदराचं नाव सांगितलंस. बिचारे उंदीर. सूनबाई आधी हसली, मग तोच पदर डोळ्यांना लावला. म्हणाली, आत्याबाईस्नी भ्या वाटत होतं, पोरीची पाठ गारठंल.

मला ते ठाऊक आहे. तू जिंकायला नाही शिवलंस. तुला भांडण जिंकायचं असतं तर तू तोंडानं जिंकली असतीस, सुई कशाला लागते तुला? पोरीला ऊब मिळावी म्हणून शिवलंस, आणि तीच ऊब तिच्या छातीवर बसली. तुला हे सांगायला तू नाहीस ते बरंच आहे. नाही, बरं नाही.

तुकडा काढून आज आठ दिवस झाले. अंजी नवीन वाकळेवर झोपते. बासरी नाही, मांजर नाही. आठ दिवस म्हणजे काय फार नव्हे, पण मी मोजतोय. मी जिंकलो. सूनबाईला म्हटलं, बघ, मी म्हणत होतो का नव्हतो? ती म्हणाली, व्हय मामंजी. व्हय मामंजीवर माणूस किती दिवस खूश राहणार? तू असतीस तर म्हणाली असतीस, गोळ्यांनी बरं वाटलं असंल, वारा बदलला असंल, तुमचं तोंड बंद हाय म्हणून बरं वाटलं असंल.

पण तुझी लबाडी सापडल्यावर मला माझी लपवता येईना. तू घोंगडं लपवलंस. मी त्याहून वाईट केलं. सांगलीचे डॉक्टर हसले नव्हते. मी विचारलंच नव्हतं.

बाकावर कोट घातलेली माणसं बसली होती, एक मास्तर, एक कुणी पेढीवाले. त्यांच्यादेखत म्हणू, की आमची बायको म्हणते जंत बरे होते? माझी जीभ रेटली नाही. येताना गाडीत बसून ठरवलं की हसले म्हणून सांगायचं, कारण ती माणसं हसली असती असं मला वाटलं. पण खरं सांगू? तिथं हसणारा एकच माणूस होता, तो मी. दोन वर्षं तुला हसत होतो, ते डॉक्टरच्या नावावर ढकललं. आणि तू, गावच्या पाटलाला न भिणारी बाई, एका न हसलेल्या डॉक्टरला घाबरून वर्षभर गप्प राहिलीस.

त्यात आता नवीन पेच पडलाय. अंजी परत नाक खाजवायला लागलीय, दात खातेय. जंत झालेत. सूनबाईनं विचारलं, मामंजी, पुडी आणता का? तुझ्या नवऱ्यानं, मारुतीपुढं सात पोरं उभी करणाऱ्यानं, पहिल्यांदा नाही म्हटलं. घोंगड्याचं माझं खरं निघालं, पण त्यानं तुझं खोटं झालं असं कुठं आहे? घोंगडं तर ती जन्मल्यापासून होतं. तुझ्या कुशीत तीन-चार वर्षं त्यातच झोपली, तवा कुठं होती बासरी? हे सगळं तू मला सांगत होतीस. आता पुडी द्यावी आणि परत गळ्याखाली तो खड्डा पडावा, तर खांदा द्यायला मी एकटा.

परवा सांगलीला गेलो. बाकावर परत कोटवाली माणसं होती. मी त्यांच्यादेखत विचारलं. तू पाठ करून घेतलं होतंस तसंच, शब्द न शब्द. आणि सात पोरांच्या पुड्यांचं, तुझ्या वावडिंगाचं, वकिलाच्या पोरांचं पण सांगितलं, वकिलाचं नाव न घेता, बूट आणि बासरी. कोटवाला एक जण हसला. डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली.

"आजोबा, हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

म्हटलं, "घरातनं."

ते म्हणाले, मला ठाऊक नाही. खरं असेल, खोटं असेल, मी कुठं वाचलेलं नाही. पण मग त्यांनी एकामागून एक विचारायला सुरुवात केली. जंत पडल्यावर किती दिवसांनी पहिली धाप लागली? त्याआधी अंगाला खाज होती का, कोपराच्या लवणीत? ज्या सहा पोरांना पुडी दिली, त्यांचं पुढं काय झालं? त्यांच्यात कुणाला शिंका, कुणाला धाप? वावडिंग दिलं तेव्हा काय व्हायचं? सहा पोरांचं पुढं काय झालं, हे तीन वर्षांत माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. तुला सगळं ठाऊक होतं. तू घरोघरी जाऊन विचारायचीस, मी म्हणायचो रिकामटेकडी हिंडते.

डॉक्टर म्हणाले, "मग त्यांनाच घेऊन या. त्यांच्याशी बोलल्याशिवाय मी पुडी देणार नाही. तोवर वावडिंग द्या."

तू गेलीस म्हणून सांगायला तोंड उघडलं. निघालं ते "बरं". आणि पायताण घालून बाहेर आलो.

आता मेलेल्या माणसाला घेऊन येतो असं कबूल करून आलोय. परवापासून आळीत हिंडतोय, रिकामटेकडा. सहापैकी तिघांना जंत परत झालेत आणि छात्या खणखणीत आहेत. एकाला खाज आहे, त्याची आई म्हणाली, हे मी तुमच्या मंडळींस्नी सांगितलं होतं. प्रत्येक घरात हेच ऐकतोय. एकाला सकाळी शिंका येतात. एक जण मामाच्या गावाला आहे, त्याचा निरोप यायचाय. अंजीची खाज जंत गेल्यावर महिन्याभरानं सुरू झाली, हे सूनबाईला आठवलं. तू खोबरेल लावायचीस, हे अंजीला आठवलं. हे सगळं वरती लिहिलंय आणि मागल्या पानावर नावानिशी वेगळं लिहिलंय. चुकलं असेल ते तुझ्या माथी.

येत्या बाजारी हे कागद घेऊन सांगलीला जाणार. डॉक्टर विचारतील, मंडळींना आणलंत का? मी हे त्यांच्या टेबलावर ठेवीन. सांगीन, आणलीय. सगळं वाचून होईपर्यंत मधे बोलू नका, तिला मधे बोललेलं खपत नाही.